यादीतलं पाचवं काम

माझी बायको एप्रिलमध्ये गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि गॅस पेटवायच्या आतच गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. लिहायचं आहे ते जुलैमधलं.

आमचं घर डोंगरात आहे. डांबरी रस्ता संपतो तिथून दोन वळणं वर. दगडी भिंती, वर पातळ दगडी पाट्यांचं छप्पर आणि छपराखाली माणूस जेमतेम बसू शकेल एवढा माळा. वर्षातले पाच महिने बर्फ असतो. मी तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली, त्यामुळे हिवाळ्यात घरी मी फक्त झोपायला असायचो. घर तीच सांभाळायची.

डोंगरातल्या घरात माणसं थोडी आणि बाकीची मंडळी फार. थंडीची चाहूल लागली की उंदीर आत येतात. लाकडं भिंतीला लावून रचली तर त्यातले भुंगेरे तुळयांत शिरतात. धुराड्यात पक्षी घरटं करतात. वळचणीला गांधीलमाश्या पोळं लावतात. आणि माळ्यावर वटवाघळं. ही छोटी, अंगठ्याएवढी. बायको त्यांना पाकोळ्या म्हणायची. मी वटवाघळं म्हटलं की ती म्हणायची, "मोठं नाव देऊन घाबरवू नका हो त्यांना."

तिने या सगळ्याची एक यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. पाच कामं. भिंतीतल्या नळाच्या भोकांत तारेची घासणी कोंबणे. लाकडं भिंतीपासून हातभर लांब. धुराड्याची जाळी. गांधीलमाश्या. पाचवं काम, माळ्याची फट. बस. कधी करायचं ते लिहिलेलं नव्हतं. तिला ते लिहायची गरज नव्हती.

यातलं एकच काम आम्ही दोघं मिळून करायचो, ते म्हणजे पाचवं. दोघं म्हणजे ती शिडीवर चढायची आणि मी शिडी धरायचो. मला उंचीची भीती वाटते. तिसऱ्या पायरीवर माझे गुडघे बोलायला लागतात. ती म्हणायची, "तुम्ही खालीच बरे. शिडी धरा आणि सूचना देऊ नका."

पद्धत अशी होती. संध्याकाळी ती अंगणात बादली उपडी टाकून बसायची आणि वर, पश्चिमेच्या भिंतीत छपराच्या टोकाखाली जी फट आहे, तिच्याकडे बघत राहायची. पाकोळ्या एकेक करून बाहेर पडायच्या. मी म्हणायचो, "झाल्या, चल." ती म्हणायची, "थांबा, अजून एक आहे." आणि खरंच अजून एक असायची. शेवटची गेली की ती आणखी थोडा वेळ थांबायची, मग वर चढून घासणी गुंडाळलेली लाकडी पाचर फटीत ठोकायची. आत कोणी कोंडलं जाऊ नये म्हणून सगळ्या बाहेर गेल्यावरच बुजवायचं, एवढं मला पक्कं कळलं होतं.

पण पुढच्या उन्हाळ्यात पाकोळ्या परत हजर. मी दर वर्षी तिला चिडवायचो. "पडली वाटतं पाचर. बावीस वर्षं झाली, एक फट बुजवता येत नाही तुला!"

"नाही येत खरं," ती म्हणायची आणि हसायची.

ती गेल्यावर मला घरात बसवेना. बसलं की कान तिच्या पावलांकडे लागायचे. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, काहीतरी काम काढा हातात." म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी कपाट उघडलं आणि यादीतली पाचही कामं एकदम काढली. नळांची भोकं बुजवली. सगळी लाकडं उचलून लांब रचली, पाठ धरली तरी रचली. धुराड्याची जाळी खालून काठीने झाडली. गांधीलमाश्यांचं पोळं नारळाएवढं झालं होतं, ते माझ्या हातचं नव्हतं, म्हणून औषध फवारणाऱ्या मुंगळ्याला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी सकाळी येतो.

राहिलं पाचवं. ते मी रविवारी संध्याकाळी केलं.

मी तिच्या बादलीवर बसलो. पाकोळ्या बाहेर पडल्या. मी "झाल्या" म्हणालो नाही. थांबलो. अजून एक आली. अजून थांबलो. मग कालवलेल्या सिमेंटचं डबडं आणि पत्र्याची पट्टी घेऊन शिडी चढलो. चौदा पायऱ्या. खाली धरायला कोणी नव्हतं. मी भिंतीशिवाय कुठेही बघितलं नाही. पाचर वगैरे काही नाही, पट्टी बसवून वरून सिमेंट असं थापलं की मुंगीसुद्धा जाऊ नये. खाली आलो तेव्हा शर्ट घामाने चिंब होता. मी मोठ्याने म्हणालो, "बघ, अशी बुजवतात फट!"

त्या रात्री एप्रिलनंतर पहिल्यांदा मला सलग झोप लागली.

सकाळी अंगणात आलो तर पश्चिमेची भिंत वरच्या टोकाला काळी दिसत होती. आधी वाटलं, सिमेंट ओघळलं. जवळ जाऊन बघितलं तर पाकोळ्या. लख्ख उजेडात, उघड्यावर, एकमेकींना चिकटून भिंतीला लटकलेल्या. शंभरावर असतील. काही सिमेंटवर चालत होत्या, पंखांच्या कोपरांवर रांगत, नाक लावून कडा शोधत होत्या. दिवसा वटवाघूळ असं बाहेर राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मला राग आला. म्हटलं, काय चिवट जात आहे. बागेची पाण्याची नळी आणली, तोटी सोडली, आणि तेवढ्यात मुंगळ्याची गाडी वळणावर आली.

मुंगळा हे त्याचं नाव तो काटकुळा होता तेव्हाचं. कुठल्याही बिळात, कुठल्याही फटीखाली शिरायचा. आता त्याचा भोपळा झालाय, पण नाव तेच राहिलं. खालच्या गावापासून आमच्यापर्यंत सगळ्या घरांत तोच जातो. गडी शांत आहे, कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी त्याने गाडीचं दार उघडं टाकलं आणि ओरडतच आला.

"काका! पाणी बंद करा! बंद करा आधी!"

मी तोटी फिरवली.

"फट कधी बुजवलीत?"

"काल संध्याकाळी. सगळ्या बाहेर गेल्यावरच. तुझ्या काकू करायच्या तसंच केलं, एकही आत नाही."

"मोठ्या नाहीत हो. पिल्लं!"

"कसली पिल्लं?"

"जुलै आहे काका. आत्ताच तर व्यालेल्या असतात. पिल्लांना उडता येत नाही अजून, ती माळ्यावरच असतात. आया बाहेर आणि पोरं आत, असं केलंत तुम्ही. काकू सप्टेंबरमध्ये बुजवायच्या ना? सगळी उडायला लागून निघून गेल्यावर?"

मी आठवायचा प्रयत्न केला. शिडी धरताना मी काय घालायचो? जाडा कोट. माझे हात गार पडायचे आणि मी कुरकुर करायचो. बावीस वर्षं मी ती शिडी धरली. कसं करायचं ते सगळं लक्षात होतं, कधी करायचं ते एकदाही बघितलं नव्हतं.

"यादीत महिना नाही," मी म्हणालो.

मुंगळ्याने भिंतीकडे बघितलं. "एक रात्र उपाशी राहिलीत. आत्ता उघडलं तर जगतील. दुपारी छप्पर तापलं की मग काही खरं नाही. तुम्ही शिडी आणा, मी बाहेरून फोडतो. पण सिमेंटचे तुकडे आत पडले तर पिल्लांवरच पडणार. आतून कोणीतरी कापड धरायला हवं."

"तू आत जा, बाहेरून मी बघतो."

त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "त्या झडपेतून? मी अडकलो तर मला काढायला छप्पर फोडावं लागेल."

माळ्याची झडप लहान खोलीच्या छतात आहे. ती बायकोने स्वतःच्या मापाची करून घेतली होती. मी त्या झडपेतून कधी गेलो नव्हतो. मुंगळ्याने मला कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे दिले, तोंडाला मास्क बांधला, टॉर्च कपाळाला लावला.

"हातमोजे काढायचे नाहीत. चावलं तर सरळ दवाखाना. आणि काका, तिथे जोरात बोलू नका."

"आता तूही सूचना दे."

"काकू नाहीत ना, म्हणून देतोय," तो म्हणाला.

आठ पायऱ्या होत्या. गुडघे बोलले, मी ऐकलं नाही. डोकं आत घातलं तेव्हा आधी आवाज आला. बारीक, तीक्ष्ण, कानाच्या अगदी कडेवर लागणारा. एक नाही, पुष्कळ. मग टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा दिसली ती आमची निळ्या पट्ट्यांची चादर. ती हरवली म्हणून मी धोब्याशी भांडलो होतो, त्याला पंधरा वर्षं झाली असतील. ती तिथे लाकडी फळ्यांवर नीट पसरलेली होती, लेंडी पडायला. चारही कोपऱ्यांवर दगड.

मी रांगत पुढे गेलो. पश्चिमेच्या टोकाला, जिथे मधली तुळई भिंतीत शिरते, तिथे तुळईच्या अंगाला परातीएवढा एक डाग होता. तो हलत होता. जवळ गेल्यावर कळलं, ती पिल्लं होती. गुलाबी-करडी, जवळजवळ उघडी, एकमेकांत घुसलेली. प्रत्येकाचं तोंड वर. प्रत्येक जण ओरडत होता. काही खाली चादरीवर पडली होती आणि तिथून आंधळ्यासारखी भिंतीकडे सरकत होती.

मी आयुष्यात बर्फाचे कडे कोसळताना पाहिलेत. पण असं काही मी पाहिलं नव्हतं. माझ्या झोपायच्या खोलीच्या वर, माझ्या डोक्यापासून आठ हातांवर, बावीस वर्षं दर उन्हाळ्यात हे चाललं होतं.

"काका, पोचलात का?" भिंतीच्या पलीकडून मुंगळ्याचा आवाज आला.

"पोचलो."

"जिवंत आहेत?"

"आहेत. खूप आहेत रे."

मी चादरीचं एक टोक उचलून फट आणि पिल्लं यांच्या मध्ये धरलं. पलीकडून छिन्नीचा आवाज सुरू झाला. ठोके हलके होते, पण प्रत्येक ठोक्याला पिल्लांचा सगळा ढीग आक्रसायचा. मी कालच्या माझ्या सिमेंटला शिव्या घातल्या. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

चादर धरून बसलो असताना टॉर्च तुळईवर गेला आणि मला तिचं अक्षर दिसलं.

पेन्सिलने, ओळीखाली ओळ. वर्ष, मग दोन तारखा. एप्रिलमधली एक, तिच्यापुढे "उघडली." सप्टेंबरमधली एक, तिच्यापुढे "गेल्या." बावीस वर्षं. कुठे कुठे एखादा शब्द जास्त. "उशीर, बर्फ होता." "खूप पिल्लं." "ह्यांना सर्दी, शिडी धरताना शिंकले, एक परत आली." सगळ्यात खालची ओळ या वर्षीची होती. पाच एप्रिल, उघडली. पुढची जागा मोकळी.

ती सोळा एप्रिलला गेली.

मला पाच एप्रिलचा तो दिवस आठवला. ती लहान खोलीतून बाहेर आली होती, धाप लागलेली, केसांत जाळं. मी विचारलं, काय करत होतीस? जुन्या चादरी बघत होते, म्हणाली.

"मुंगळ्या," मी म्हणालो.

छिन्नी थांबली. "काय झालं?"

"पाचर पडायची नाही. तीच काढायची. दर एप्रिलला, आतून."

पलीकडे हातोडी शिडीच्या पायरीवर टेकल्याचा आवाज आला.

"तुला माहीत होतं?"

"होतं काका. हिवाळ्यात बर्फ आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून काकू बुजवायच्या, आणि ह्या परत यायच्या वेळी उघडायच्या. खालच्या घरांमध्ये मी उन्हाळाभर किड्यांसाठी फवारणी करत फिरतो. तुमच्याकडे कधी लागली का? ह्याच खातात सगळं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं त्यांना, काकांना सांगा. त्या म्हणाल्या, नको, चिडवायला काहीतरी लागतं ह्यांना. त्यात वर्ष बरं जातं."

मी चादर तोंडासमोर धरली होती ते बरं होतं.

छिन्नी पुन्हा सुरू झाली. सिमेंटचा एक तुकडा चादरीवर पडला, मग दुसरा. पत्र्याची पट्टी करकरली आणि एकदम उजेडाची एक रेघ आत आली. सरळ, पांढरी, धुळीने भरलेली. ती पिल्लांच्या ढिगावर पडली आणि सगळी ओरड क्षणभर थांबली.

"उघडली," मुंगळा म्हणाला. "मी खाली उतरून लांब होतो. तुम्ही हलू नका. श्वास घेतलात तरी हळू घ्या."

मी चादर खाली ठेवली आणि फळ्यांवर उताणा पडलो. टॉर्च बंद केला. बाहेर शिडी सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. पिल्लं पुन्हा ओरडायला लागली. मी त्या उजेडाच्या रेघेकडे बघत होतो. कोणी येत नव्हतं. मला वाटलं, घाबरून उडून गेल्या, आता यायच्या नाहीत. तिने आयुष्यात शेवटचं जे काम माझ्यापासून लपवून केलं, ते मी माझ्या हाताने सिमेंट लावून मारलं.

मग ती रेघ एकदा मिटली आणि पुन्हा उघडली. कोणीतरी आत आलं होतं.

ती भिंतीवर बसली आणि तुळईकडे रांगत गेली. थेट ढिगावर चढली. एका पिल्लाला नाक लावलं, सोडलं. दुसऱ्याला लावलं, सोडलं. पिल्लं तिला चिकटायला बघत होती, ती त्यांना बाजूला सारत पुढे जात होती. हे नाही. हे नाही. आणि एकाजवळ ती थांबली. तिने आवाज केला. त्याने केला. ती त्याच्यावर पंख टाकून बसली आणि तो एक आवाज बंद झाला.

तेवढ्यात रेघ पुन्हा मिटली. मग ती मिटतच राहिली. दुसरी, तिसरी, मग मोजता येईना. माझ्या तोंडावरून वारा जात होता, प्रत्येक वेळी चिमूटभर. एकही मला लागली नाही. शंभर आया आणि शंभर पोरं, सगळी सारखी, सगळी एकाच वेळी ओरडणारी, आणि प्रत्येकीला आपलं सापडत होतं. माळ्यावरची ओरड एकेका धाग्याने उसवत गेली. मला माझ्या पोटच्या मुलीचा आवाज फोनवर कधी कधी ओळखू येत नाही.

चादरीवर एक पिल्लू माझ्या हाताशी आलं होतं. मी हळूच हातमोज्यावर घेतलं. त्याला वजनच नव्हतं. मी पडल्या पडल्या हात वर करून तुळईला लावला आणि तसाच धरून ठेवला. किती वेळ गेला माहीत नाही, दंड थरथरायला लागला. मग एक पाकोळी माझ्या मनगटावर उतरली. तिचं तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं होतं, छाती धडधडत होती. तिने माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार नाही. तिने पिल्लाला हुंगलं, ते तिच्या पोटाला चिकटलं, आणि ओझ्यासकट ती माझ्या बोटांवरून तुळईवर चढून गेली.

नंतर माळा शांत झाला. पूर्ण शांत. मी तिथेच पडून राहिलो. एप्रिलपासून मला त्या घरातली शांतता सोसत नव्हती. ही मी ऐकत राहिलो.

खाली आलो तेव्हा मुंगळा माझ्या बादलीवर बसला होता.

"किती वेळ लावलात! मला वाटलं, तुम्हालाही कोणी घेऊन गेलं."

"आल्या सगळ्या," मी म्हणालो.

सगळ्या नाही. सात पिल्लं वाचली नाहीत. ती मी दुसऱ्या दिवशी वर जाऊन आणली आणि लाकडांच्या मागे पुरली. कपाटावरच्या यादीत महिने लिहावेत म्हणून पेन्सिल घेतली, चार कामांपुढे मुंगळ्याला विचारून लिहिले. पाचव्यापुढे लिहिलं, "वर जाऊन बघणे."

त्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी बादलीवर बसलो. ऑगस्टमध्ये बाहेर पडणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, मध्येच काही वेडीवाकडी उडायची, भिंतीला आपटता आपटता सावरायची. ती पिल्लं होती. मग सप्टेंबरमध्ये कमी होत गेली. अठरा तारखेला एक निघाली. मी थांबलो. अजून एक निघाली. पुढचे तीन दिवस कोणी नाही.

चौथ्या दिवशी मुंगळा उंदरांच्या कामाला आला होता. मी जाडा कोट घालून शिडी लावली.

"द्या, मी ठोकतो पाचर," तो म्हणाला.

"तू शिडी धर. आणि सूचना देऊ नको."

तिची जुनी पाचर माळ्यावरच सापडली होती, चादरीच्या कोपऱ्यावर, दगडाशेजारी. तीच ठोकली. मग आतून वर गेलो. या वर्षीच्या मोकळ्या जागेत तारीख लिहिली आणि पुढे, "गेल्या. सात मेली, चूक माझी." माझं अक्षर तिच्यापेक्षा मोठं आणि वाकडं आहे. तिच्या ओळीत मावलं नाही, खाली उतरलं.

त्याच्याखाली तुळई अजून बरीच मोकळी आहे.